मुहूर्तावर झालेलं ऑपरेशन

हर्नियाच्या ऑपरेशनचा दिवस मी स्वतः काढला होता. नांदगाव खंडेश्वरात माझी भिक्षुकी. बोअर खोदण्यापासून बारशापर्यंत सगळ्यांना मुहूर्त मीच देतो, मग स्वतःच्या पोटाला भोकं पाडायची वेळ आली तर पंचांग बघणार नाही का? अमरावतीच्या डॉक्टरांना दोनदा तारीख बदलायला लावली. ते हसले, पण बदलली.

दुर्बीण घालून त्यांनी जांघेतली फट जाळीनं बुजवली. बारीक तीन भोकं, लगेच घरी. जखमा सुकल्यावर पूजेला बसलो, मांडी घातली, आणि उजव्या मांडीला बाहेरून तापला तवा टेकवावा तशी आग उठली. उभं राहिलं की कमी, बसलं की पुन्हा सुरू. हर्निया निदान खोकल्यावरच दुखायचा. आगीतून फुफाट्यात पडलो.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, गावात लग्नं साखरपुड्यातच उरकत होती. पूजा आधीच मोजक्या, त्यात गुरुजीला बसता येईना. दुष्काळात तेरावा महिना. पण खरी चीड आणली ती भेटायला येणाऱ्यांनी. जो येई तो आधी भोकं दाखवा म्हणे. दाखवण्यासारखं काही उरलं नाही म्हटल्यावर दुखणंही उरलं नाही असं ठरवून चहा पिऊन जाई. शेजारच्या मास्तरांनी तर सरळ विचारलं, "गुरुजी, मुहूर्त तुमीच काढला होता ना?"

डॉक्टर आधी म्हणत होते, सोनोग्राफी छान आहे, धीर धरा. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. शेवटी त्यांनी सांगितलं की जाळी पक्की करायला आत बारीक पिना मारतात, त्यातली एक मांडीच्या नसेवर बसली असावी. फार क्वचित होतं, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. क्वचित म्हणजे बाकीच्यांना होत नाही, एवढंच ना? मला तर पुरतं झालं होतं. पुन्हा दुर्बीण घालून पिन काढता येईल, पण आराम पडेलच असं नाही, असंही ते म्हणाले.

घरी येऊन मी दिवस शोधू लागलो. एकही पसंत पडेना. घाबरलात असं सरळ म्हणा, बायको म्हणाली. घाबरलोच होतो. पुन्हा कापून घ्यायचं आणि तरीही मांडी घालता आली नाही तर पुढं करायचं काय?

तशातच एका जुन्या यजमानांकडे सत्यनारायण निघाला. मी खुर्ची मागितली. देव खाली आणि गुरुजी वर कसे, म्हणून त्यांनी चौरंग उचलून टेबलावर मांडला. नवरा-बायको स्टुलांवर बसले. कुणी तोंड वाकडं केलं नाही. कथा नीट पार पडली. निघताना यजमानांची म्हातारी आई मला प्रसाद देत म्हणाली, "बरे झाले की सांगजा गुरुजी. तवर आमी दुसऱ्याले बोलावतो. तुमाले तरास कायले?"

तिच्या बोलण्यात मायाच होती. रागवायलाही जागा नव्हती, आणि त्याचाच मला फार राग आला.

सकाळी अमरावतीची एसटी धरली. डॉक्टरांनी मला पाहून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. या खेपेला कोणता दिवस, त्यांनी विचारलं. पंचांग माझ्या पिशवीतच होतं.

मी म्हटलं, "उद्या जमते का?"