पलीकडे न जाणारी माणसं

महापालिकेच्या रस्ते विभागाच्या ऑफिसात सगळे त्यांना टिकटिककाका म्हणत. बावीस वर्षं चौकाचौकात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, हातातल्या यंत्राचं बटण टिकटिक दाबत त्यांनी गाड्या मोजल्या होत्या. जास्त गाड्या गेल्या की रस्ता चांगला, कमी गेल्या की वाईट. यात डोकं खाजवण्यासारखं काही नव्हतं.

मग नव्या इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी यंत्र कपाटात टाकलं आणि काकांच्या हातात एक तक्ता दिला.

"काका, आता माणसं मोजायची. कोण थांबलं, कोण बसलं, ओलांडायला किती वेळ लागला."

"थांबलं म्हणजे रस्ता चांगला की वाईट?"

"ते बघूनच कळेल," बाई म्हणाल्या.

काकांना काही कळेना. घराजवळच्या रुंद रस्त्यावर त्यांनी खुर्ची मांडली. एक गृहस्थ बराच वेळ उभे दिसले, म्हणून 'थांबले'मध्ये रेघ मारली. तेवढ्यात ते करवादले, "हा दिवा आज हिरवा होणार आहे की नाही?" काकांनी रेघ खोडली. दुभाजकावर दोन बायका गप्पा मारत होत्या. बरं झालं, म्हणून काका खुशीत जवळ गेले, तर एक दुसरीला म्हणत होती, "तू आधी पळ, मी मागून येते." आता हे कुठल्या रकान्यात घालायचं?

संध्याकाळी त्यांनी थोरल्या बहिणीला विचारलं. नवरा गेल्यापासून ती त्यांच्याकडेच राहायची.

"ताई, तू किती वाजता जातेस त्या रस्त्यानं? तुझीही एक रेघ मारतो."

"मी नाही जात," ताई मटार सोलता सोलता म्हणाली.

"अगं, तुझी शिवणवाली मैत्रीण समोरच तर राहते!"

"रस्ता रुंद झाल्यापासून गेले नाही. दोन वर्षं झाली. निम्म्यात पोचते तोवर दिवा लाल. माझे गुडघे काय पळणारेत?"

काकांनी तक्ता खाली ठेवला. रस्ता रुंद झाला होता तो त्यांच्याच आकड्यांवरून. आकडे अगदी चोख होते. मग चुकलं कुठं? आणि एका घरात राहून दोन वर्षं आपल्याला हे दिसलं कसं नाही?

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना गाठलं. "जे येतच नाहीत, त्यांना कुठं लिहू?"

बाई तक्त्याकडे बघत राहिल्या. "तसा रकाना नाही."

"मग पाडा की!"

दोघांनी आठवडाभर रस्त्यालगतची दारं ठोठावली. एकशे चाळीस घरांत त्रेसष्ट माणसं अशी निघाली, ज्यांनी पलीकडे जाणंच सोडलं होतं. एक आजोबा तर समोरच्या दवाखान्यात रिक्षानं जात, चौकाला वळसा घालून.

बाईंनी ते कागद वर पाठवले. रस्ता ओलांडणाऱ्यांचा हिरवा दिवा अठरा सेकंदांचा होता, तो पस्तीसचा झाला. फुटपाथवर दोन बाकं आली. गाड्या मात्र कमी जाऊ लागल्या.

"म्हणजे रस्ता सुधारला की बिघडला?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"दोन्ही झालं असेल, साहेब," काका म्हणाले. साहेबांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी काकांकडे.

एका सकाळी ताई पलीकडे गेली. मैत्रिणीच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, ती मुलीकडे राहायला जाऊन वर्ष झालं. फोन लागत नाही म्हणजे रागावली असेल, असं ताई इतके दिवस धरून चालली होती. ती घरी न येता बाकावर जाऊन बसली. दहा मिनिटं, वीस, चाळीस.

समोर खुर्चीतल्या काकांचं पेन 'बसले'च्या रकान्यावर अडलं. शेवटी ते उठून तिच्याजवळ गेले.

"ताई, बरं वाटतंय की वाईट?"

"तुला कशाला हव्यात नसत्या चौकशा?"

"लिहायचंय."

"मलाच कळत नाहीये, तू काय लिहिणार, कपाळ!" ताई म्हणाली आणि बाकावर जरा सरकली.

काका बसले. त्या दिवशीचा तक्ता बाईंना अर्धाच मिळाला.