ढोरांच्या डॉक्टरांची शंका

स्वतःवर अविश्वास दाखवण्याची एखादी स्पर्धा कोणी भरवली असती, तर आमच्या शेजारच्या ढोरांच्या डॉक्टरांनी ती सहज जिंकली असती, आणि बक्षिसासाठी नाव पुकारल्यावर "नाव नीट वाचलंत ना?" असं विचारून ते पुन्हा आपल्या खुर्चीवर जाऊन बसले असते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी घाटावरून मालवणजवळच्या एका गावात गणिताचा मास्तर म्हणून गेलो. जिल्हा तेव्हा नवा कोरा होता आणि मीही. मला भाड्याने मिळालेल्या दोन खोल्यांची आणि डॉक्टरांच्या घराची भिंत एकच होती. त्या भिंतीतून पहिल्या सकाळी माझ्या कानावर पडलेलं वाक्य मी अजून विसरलेलो नाही. डॉक्टर आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलीला विचारत होते, "वैशू, मी दात घासलंय काय गो?" आणि ती अतिशय शांतपणे सांगत होती, "दोनदा घासलास, बाबा."

खरं म्हणजे ते डॉक्टर नव्हतेच. सरकारी दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक होते. कोणी "डॉक्टर" म्हणून हाक मारली की ते आधी दुरुस्ती करत, "मी डॉक्टर नाय हां, पर्यवेक्षक." पण हा शब्द नीट उच्चारेपर्यंत गाय दगावायची भीती असल्यामुळे गावाने त्यांची दुरुस्ती कधी मनावर घेतली नाही. कचेरीत साहेबांसमोर ते पुस्तकी मराठी बोलत आणि प्रत्येक वाक्यात अडखळत. जनावरांशी मात्र मालवणीत बोलत, आणि तिथे त्यांची जीभ पाण्यासारखी वाहायची. एखाद्या बैलाला सुई टोचताना ते त्याच्या कानाशी लागून त्याच्या सगळ्या घराण्याची चौकशी करत. बैल विचारात पडायचा आणि सुई टोचून झालेली असायची.

उपचार करून आले की त्यांचा खरा त्रास सुरू व्हायचा. सायकल लावून घरात पाऊल टाकतात न टाकतात तोच शंका यायची. औषध जास्त झालं की कमी झालं? गाठीला लेप लावला तो उजवीकडे की डावीकडे? मग उलट पावली सायकल काढून ते पुन्हा त्या गोठ्यात हजर. संध्याकाळी आणखी एकदा. तळ्याकाठच्या एका बाईंची गाय तर बरी होऊन चार दिवस झाले तरी हे रोज जाऊन तिचं तोंड उघडून बघत होते. शेवटी गाय त्यांना पाहिलं की आपणहून तोंड उघडू लागली. गावात मात्र या स्वभावाचं केवढं कौतुक! "आमचो डॉक्टर एक वेळ बोलावल्यार तीन वेळ येता," असं लोक पाहुण्यांना अभिमानाने सांगत. साऱ्या पंचक्रोशीचा त्यांच्यावर विश्वास होता. त्या विश्वासात सामील व्हायचे राहिले होते ते फक्त डॉक्टर.

त्यांच्या पत्नी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि बदलीने आंबोलीला होत्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन बस बदलून त्या संध्याकाळी घरी पोचत आणि रविवारी दुपारी परत निघत. मधले दिवस वैशू आणि सहा वर्षांची नीतू या दोघी डॉक्टरांच्या ताब्यात असत, किंवा डॉक्टर त्या दोघींच्या. सकाळी भात टाकायचा, आमटीला फोडणी द्यायची, डबे भरायचे आणि वेण्या घालायच्या. डॉक्टरांना गाठी मारण्याचं शिक्षण बैलांवर मिळालेलं होतं, त्यामुळे त्या वेण्या इतक्या ताणून घट्ट बसत की मुलींच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असायच्या. प्राथमिक शाळेतल्या एका नव्या बाईंनी मला काळजीने विचारलं होतं, "तुमच्या शेजारच्या मुलींना सारखं कसलं हो आश्चर्य वाटत असतं?" मीठ घालण्याच्या बाबतीत तर घरात कायदाच होता. मीठ नीतू टाकणार आणि मोठ्याने "टाकला!" म्हणून ओरडणार. एकदा तिला ताप आला होता, त्या दिवशी आमटीत मीठ तीन वेळा पडलं. त्यातली एक वाटी डॉक्टरांनी मला प्रेमाने आणून दिली आणि "बरी झाल्ये मां?" असं दारात उभं राहून विचारलं. मी हो म्हणालो. पाणी पीत पीत.

या सगळ्याचा परिणाम व्हायचा तो झाला. मालवणच्या डॉक्टरांनी, म्हणजे माणसांच्या, त्यांचा रक्तदाब मोजला आणि सांगितलं, "रोज सकाळी चाला आणि काळजी करू नका." चालणं सोपं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते समुद्राच्या वाळूतून चालू लागले. पण ढोरांचा डॉक्टर रोज ठरावीक वेळी आपल्या दारावरून जातो हे कळल्यावर लोक गायी, म्हशी, पाडे घेऊन वाटेवर उभे राहू लागले. पंधरा दिवसांत त्या फेरफटक्याचा फिरता दवाखाना झाला. काळजी न करणं त्याहून अवघड. त्यासाठी त्यांनी संध्याकाळची दहा मिनिटं राखून ठेवली होती. घड्याळ लावून ते ओटीवर डोळे मिटून बसत. दोन्ही बाजूंना मुली पहाऱ्याला. कपाळावर आठी दिसली की नीतू बोट लावून ओरडायची, "बाबा, तुमी काळजी करतास!" आणि डॉक्टर दचकून म्हणायचे, "नाय गो, मी आपलो बघी होतंय, काळजी गेली काय ती."

दोनेक वर्षं अशी गेली आणि एके दिवशी त्यांना बढतीचा कागद आला. नेमणूक आंबोलीच्या दवाखान्यात, प्रमुख म्हणून. गावात हे मला सगळ्यांत आधी कळलं, कारण तो कागद घेऊन डॉक्टर माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, ह्या नावाचो दुसरो कोण जिल्ह्यात आसा काय, बघूक व्हया." ते स्वतः जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन विचारून आले. दुसरा कोणी नव्हता. बायकोच्याच गावी नेमणूक, वर बढती. दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. डॉक्टरांनी घरात कोणाला सांगितलंसुद्धा नाही.

होकार-नकार कळवायची मुदत सोमवारी संपत होती. शनिवारी दुपारी मी शाळेतून आलो तर ते माझ्या ओटीवर बसलेले. हातात एक अर्ज. "मास्तर, जरा शुद्धलेखन बघशात?" मी वाचू लागलो. 'सदर पदास मी लायक नाही याची मला पूर्ण खात्री आहे.' त्यांच्या साऱ्या आयुष्यात मी पाहिलेली ती पहिलीच खात्री.

"डॉक्टर, अहो, घरची माणसं एकत्र येतील," मी म्हटलं.

"येतीत. पण थय माझ्या वर कोण नाय. हय कायव अडला तर साहेबाक विचारतंय. थय चुकलंय तर कोणाक विचारू?"

मी अर्जातली एक वेलांटी सुधारली. ती वेलांटी मला पुढे बरेच दिवस टोचत राहिली.

कागद माझ्या हातात असतानाच वाडीतला म्हातारा आंतोन धापा टाकत आला. त्याची म्हैस सकाळपासून अडली होती. रेडकाचा एक पाय बाहेर आला होता आणि पुढे काही सरकत नव्हतं. असल्या कामाला मालवणहून मोठे साहेब येत. पण आंतोनचा पुतण्या आधीच तिकडे जाऊन आला होता आणि साहेब मीटिंगसाठी कणकवलीला गेल्याचं कळलं होतं. "माका जमाचा नाय," असं डॉक्टर म्हणाले ते सायकलवर टांग टाकता टाकता. मी अर्ज खिशात कोंबला आणि मुलींना घरात बसवून त्यांच्या मागे पळालो.

गोठ्यात म्हैस आडवी पडली होती. डोळे पांढरे झाले होते. आंतोनच्या घरात दुभतं जनावर तेवढं एकच. डॉक्टरांनी शर्ट काढला, खांद्यापर्यंत हात साबणाने धुतला, खोबरेल चोपडलं आणि म्हशीच्या मागे गुडघ्यावर बसले. हात आत गेला आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. "मान वळली हा," ते पुटपुटले. "दुसरो पाय पोटाखाली." त्यानंतरच्या तासाभरात मी पाहिलेला माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. कळ आली की तो थांबायचा, कळ ओसरली की रेडकाला आत ढकलून त्याची मान सरळ करायचा, आणि तोंडाने म्हशीची समजूत चाललेलीच, "वायच दम खा गो बाय माझे. झाला, झाला. आता एकदाच जोर कर." मध्येच माझ्या हातात दोरीचं टोक आलं. "मास्तर, मी सांगान तेवाच ओढा. खाली ओढा, सरळ नको." आवाजात असा हुकूम की मी जन्मात कोणाचा इतका तत्परतेने पाळला नसेल.

रेडकू बाहेर आलं ते हलेना. आंतोनने छातीवर क्रूस काढला. डॉक्टरांनी रेडकाच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, मागचे पाय धरून त्याला उलटं टांगलं, खाली ठेवून बरगड्या चोळल्या, नाकपुडीत गवताची काडी घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी रेडकू शिंकलं. मग म्हशीने मान वळवून त्याला हुंगलं आणि चाटायला लागली. "देव बरें करूं, डॉक्टर," आंतोन म्हणाला, आणि तिथेच शेणात बसून रडू लागला. "मी डॉक्टर नाय" असं म्हणायचं डॉक्टरांच्या त्या दिवशी लक्षात आलं नाही.

परतताना मी म्हटलं, "तासभर तुम्ही कोणाला काही विचारलं नाहीत."

"विचारूक होतो कोण? तुमी? तुमी तर डोळे मिटान घेतल्यात."

"भीती नाही वाटली?"

"वाटली तर! पण म्हशीक येळ नव्हतो."

डॉक्टरीणबाई आंबोलीहून नुकत्याच आल्या होत्या आणि खांद्याची पिशवी न उतरवता ओटीवर उभ्या होत्या. मी खिशातून अर्ज काढला. तो डॉक्टरांच्या हातात द्यायला हवा होता. मी तो बाईंच्या हातात दिला. त्या घराची मी केलेली ही एकुलती एक चहाडी. त्यांनी सगळं वाचलं आणि आधी माझ्याकडे पाहिलं.

"शुद्धलेखन कोणी तपासला?"

"मी."

"मगे तुमचीय चूक आसा, मास्तर."

मी मान खाली घातली. डॉक्टर उघडेच, हाताला वाळलेलं रक्त, चोरासारखे खांबाला टेकून उभे होते. बाई त्यांना हळू आवाजात म्हणाल्या, "दोन वर्सां मी थय एकटी जेवतंय. पानात काय वाढलंय तासुद्धा बघणंय नाय. आणि तुमी लायक नाय म्हणान लिवतास? माका इचारलास?"

"माझ्या हातसून काय चुकला तर..."

"तर परत जावन बघशात. आतापर्यंत काय केलास?"

डॉक्टर हातावरचं वाळलेलं रक्त नखाने खरवडत म्हणाले, "थय पाऊस लय." बाई म्हणाल्या, "तो माका सांगा नकात," आणि अर्जाची घडी करून स्वैपाकघरात गेल्या. चुलीवर चहा ठेवल्याचा वास आला, तो त्या कागदावरच तापला असावा.

महिन्याभरात ते कुटुंब आंबोलीला गेलं. पुढल्या वर्षी पावसाळ्यात रजा काढून घाटावर जाताना मी वाट वाकडी करून तिथे उतरलो. धुकं इतकं की दवाखान्याची पाटी हाताने चाचपून वाचावी लागली. डॉक्टर बारीक झाले होते, रक्तदाब उतरला होता, आणि शंका अजून होत्या. त्या दिवशीच एका गायीकडे दोनदा जाऊन आले होते. "शंका येतत, येवंदेत," ते म्हणाले. "आता सांगूक घरात माणूस आसा." पानं मांडली गेली. मुली वाढत्या वयाच्या झाल्या होत्या, दोघींचं एकाच वेळी बोलणं चाललं होतं, बाई सुक्या बांगड्याचं तिखलं वाढत होत्या. मीही मग घरच्यासारखा जेवायला बसलो. पहिला घास घेण्याआधी डॉक्टर थोडे थांबले. एकेकीच्या तोंडाकडे बघत गेले, आणि माझ्याकडे वळून, एखादं गुपित सांगावं तसं, हळूच म्हणाले, "मास्तर, आज शनिवार नाय, बुधवार."