खेळातलं माहेर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मी वाशिमला शिकायला जायचो तेव्हा माझ्या वाट्याचं निंदण ताई करायची, आणि सकाळी माझा डबाही तीच. तिचं शिक्षण बारावीला थांबलं. लग्न होऊन ती शिरपूरच्या पलीकडे एका खेड्यात गेली. आमच्या मालेगावहून ते अंतर काही फार नाही. पण सासरी तिचा फोन स्पीकरवर असे आणि सासू शेजारी. "बरं हाय" यापुढे ती कधी गेलीच नाही.

म्हणून राखीला आली तेव्हा मी खेळायचो तो ऑनलाइन खेळ तिच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. त्यात प्रत्येकाचं आपलं एक पात्र असतं. कुठकुठली माणसं एकाच जगात फिरतात, शेती करतात, जंगलात लढतात. आम्हाला लढायचं नव्हतं. दोन पात्रं जवळ उभी राहिली की लिहून बोलता येतं आणि खेळ बंद केला की ते पुसलं जातं, एवढंच मला हवं होतं. भाऊजींनी एकदा पाहिलं. "लेकराचा खेळ हाय," म्हणाले आणि सोडून दिलं.

दुपारी सासू आडवी झाली की ताई येई. खेळात माझी एक झोपडी होती, तिच्या दारात उभी राहून लिही. तिला शिवणक्लास लावायचा होता, त्यावरून सासरी कोणी तिच्याशी बोलत नव्हतं. हे मला तिथे कळलं. मी ते आईला वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "मलेही ने तिच्यापाशी."

जुन्या फोनवर मी आईचं पात्र केलं. नाव तिनेच सांगितलं, 'माय'. बोटाने ढकलत ढकलत ती ते पात्र दारापर्यंत आणी. ताई जायला निघाली की आई माझा हात धरी.

"खाली हातानं चालली ते. गहू दे तिले."

"माय, तो खेळातला गहू हाय. तिच्या काय कामाचा?"

"तुले काय समजते. पोरगी दारातून चालली ना?"

मग रोजच काही ना काही. गहू, गूळ, एकदा हिरवं लुगडं. दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव राहतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणि ताईला त्या वस्तू टाकून देववल्या नाहीत.

एका रविवारी भाऊजींनी ताईच्या मोबाइलवर सहज खेळ उघडला. तिच्या पात्राची वस्तू ठेवायची झोळी पाहिली. प्रत्येक वस्तूखाली 'माय'.

त्यांचा फोन आला. आवाजात हसू होतं.

"काय साळेबुवा, आमची बायको रोज माहेरी जाऊन राह्यली म्हणे. आमाले पत्ताच नाही."

मी काहीतरी बोललो.

"सासूबाई लुगडं देऊन राह्यल्या, गहू देऊन राह्यल्या. खऱ्यात कवा देतात, इचारा जरा." मागे त्यांची आई काहीतरी म्हणाली, ते समजलं नाही. "आता मीच खेळतो तिच्या नावानं. तिले कायले पाह्यजे हे?"

त्यानंतर ताईचं पात्र बरेच दिवस आलं नाही. आई रोज दुपारी फोन घेऊन बसे.

मग एका दुपारी ते दारात उभं दिसलं. आईने घाईघाईने आपलं पात्र पुढे नेलं. मी लिहिलं, "ताई?"

उत्तर आलं, "तुमची ताई गोठ्यात हाय. गहू हाय का? जास्तीचा पाठवा."

मी ते आईला वाचून दाखवलं. ती पडद्यावरच्या बाहुलीकडे पाहत राहिली. चेहरा तोच होता, मी राखीला ताईला विचारून घडवलेला.

"बंद करतो," मी म्हणालो.

"नको," आई म्हणाली. "नाही म्हटलं तर तिले बोल लागंल. हाय तेवढा दे."

मी दिला.