डावीकडे ओढणारी जीप

मांडवीचा तो मेकॅनिक मालकाशी कमी आणि गाडीशीच जास्त बोलायचा. वेग दिला की आमची जीप डावीकडे ओढू लागली, तेव्हा मी त्याला सांगितलं, "हिनेच शिकताना कुठेतरी आपटली."

बायको शेजारीच उभी होती. आपल्याच हातून बिघडली असं वाटून, गाडी शिकणं सोडते, असं तिनं सकाळीच जाहीर केलं होतं. खरं तर कुंपणाच्या दगडी चिऱ्याच्या गडग्यावर मीच ती आपटली होती.

त्यानं पुढच्या चाकात अडकलेली चिऱ्याची कपची काढली आणि गाडीलाच विचारलं, "गो बाय, वहिनी तर समुद्राच्या वाळूवर शिकतात. तिथं चिरा कुठला आला?"

मी खिशातलं पाकीट चाचपायला लागलो.

दुरुस्तीनंतर किल्ली त्यानं तिच्या हातात दिली. "चालवा वहिनी, तुमची काय चूक नाय."

मी मुकाट मागे बसलो. घरापर्यंत ती आरशातून माझ्याकडे बघत होती आणि मी समुद्राकडे.