वायपरमधलं फूल

गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर एक फूलवाली बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. दातांनी दोरा तोडत ती हार ओवते आणि गिऱ्हाइकाकडे न बघताच बोलते. आमची लहान, स्वस्तातली गाडी तिच्या शेजारीच रस्त्यावर उभी असते, कारण आतली जागा मोठ्या गाडीची. पाहुण्यांसमोर ही लहान गाडी आपली आहे, हे सांगणं मी टाळतोच.

दसऱ्याला मी दरवर्षी एकच हार घ्यायचो, मोठ्या गाडीसाठी. लहानीच्या वायपरमध्ये मात्र झेंडूचं एक फूल खोचलेलं असायचं. पोरांचा चावटपणा समजून मी ते काढून फेकायचो.

यंदा मेहुणा आला. त्याला गाड्यांचं भारी वेड. फाटकाशी उभा राहून लहानीकडे बघत म्हणाला, "दाजी, ही विकू नका. कंपनीने बंद केलीय. उद्या हीच क्लासिक ठरेल, लोक शोधत येतील."

दसऱ्याच्या सकाळी मी फूलवालीकडे लहानीसाठी सगळ्यात मोठा हार मागितला.

तिने पहिल्यांदाच मान वर केली. "लय भाव येनार म्हने हिला? पावणे बोलत व्हते काल."

मी नुसता हसलो.

"घाला की हार. पन तेवढं फूल राहू द्या. दर दसऱ्याला मीच लावते. दुपारचं ऊन कललं, की हिच्याच सावलीला बसते ना मी."

हार हातात तसाच राहिला. ते फूल दरवर्षी मी तिच्या डोळ्यांदेखत गटारात टाकत आलो होतो.