आरशावरचा पंजा

आधीच सांगते. मी बीएस्सी फिजिक्स, आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि त्याचा मला माज आहे. असले भुताटकीचे अनुभव वाचून खाली हसणाऱ्या इमोजी टाकणाऱ्यांपैकी मी एक. त्यामुळे हे लिहिताना माझीच पंचाईत झालीय...

परळला चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची खोली. मी, आई, आणि तेव्हा माहेरी आलेली माझी मोठी बहीण सुजाताताई. नवऱ्याने मारलं म्हणून आली होती. समाजातल्या मोठ्या माणसांनी बसून समझोता केला आणि त्या रविवारी संध्याकाळी भावोजी तिला न्यायला येणार होते.

दुपारी मी माझ्या आकाश बघायच्या दुर्बिणीचा आरसा धुवायला काढला. समोर टॉवर चढतोय, सिमेंटची धूळ सगळीकडे. हा आरसा फडक्याने पुसायचा नसतो. त्याची चकाकी काचेच्या मागे नाही, वरच असते. पुसला की धूळच चरे पाडते. आधी रबरी फुग्याने हवा मारायची. मग पाणी, साबणाचा थेंब, आणि ओला कापूस स्वतःच्या वजनाने सरकू द्यायचा. दाब द्यायचा नाही. शेवटी डिस्टिल्ड वॉटर ओतून उभा ठेवायचा.

सुकला तर त्यावर पंजाचा ठसा.

"ताई, हात लावलास ना?"

"मी कशाला लावू? बॅग भरतेय मी."

"मग आईने लावला?"

"मला मध्ये घेऊ नको," आई गॅसजवळून म्हणाली. "ताटलीएवढा आरसा आणि नखरे नवरीचे."

दोघींना लांब बसवून पुन्हा धुतला. नजर हटवली नाही. पाणी ओघळून गेलं तसा ठसा वर आला... बोटं आत वळलेली, अंगठा लांब — काहीतरी आवळून धरल्यासारखी. अंगठ्याजवळचं बोट अर्धंच.

ताई बघायला आली आणि म्हणाली, "हा त्यांचा हात." भावोजींचं ते बोट कारखान्यात प्रेस मशीनखाली गेलेलं.

"जाऊ नकोस," मी म्हणाले. मी, फिजिक्सवाली.

"चार माणसांत शब्द दिलाय," आई म्हणाली. पण आरशाकडे पाठ करून.

भावोजी आले. जय भीम केला, चहा घेतला. "काय मॅडम, चंद्रावर रूम मिळते का स्वस्तात?"

ताई म्हणाली, "मी येत नाही."

भावोजींनी कप नीट खाली ठेवला. मग त्याने तिचा गळा धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. परत आपटलं. तिचे पाय जमिनीवरून सुटले. आई त्याच्या पाठीला लोंबकळत होती. मी त्याच्या दंडाला चावले, तोंडात रक्ताची चव आली, तरी पकड सुटेना. शेवटी दुर्बिणीचा लोखंडी स्टँड उचलून त्याच्या कोपरावर घातला. हाड मोडलेलं ऐकू आलं. तेव्हा ताई खाली पडली आणि शेजारी धावले.

तिच्या गळ्यावर पंजा उमटला होता. अंगठ्याजवळचं बोट अर्धं. मी आरसा बघितला — लख्ख.

तेलकट ठसा असता तर साबणाने गेला असता. पाण्यातल्या क्षारांचा डाग असता तर अर्धं बोट कुठून आलं? ठसा दिसला म्हणून ताई वाचली, की ठसा बघून ती नाही म्हणाली म्हणून हे झालं... मला सांगता येत नाही.

ताई आता आमच्याकडेच असते. आरशावर धुळीचा थर साचलाय. तीच म्हणते, "धू की गं." कापूस, पाणी सगळं आणून ठेवलंय.

मी म्हणते, राहू दे.