काकूंचा तंबू

काकूंचा हिवाळा कॅलेंडरवर सुरू होत नसे. दोह्याच्या उत्तरेला, उम्म सलाल मोहम्मदच्या रस्त्यालगत एका शेताच्या कडेला लोखंडी खांब उभे राहिले की तो सुरू होई. दोह्यात ऑक्टोबरातही घामाच्या धारा लागलेल्या असत. काकू मात्र सप्टेंबरपासूनच उत्तरेकडून येणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, "खांब दिसले का रे?" बहुतेकांना प्रश्न कळायचा नाही. ज्यांना कळायचा ते हसून "नाही अजून" म्हणायचे. काकू "बरं" म्हणून पोह्यांची बशी पुढे करायच्या.

खांब एका हॉटेलचे असत. त्या शेताचा मालक दरवर्षी थंडी पडली की मोकळ्या जागेत तंबू ठोके, मागे स्वयंपाकाची केबिन आणून ठेवी, दिव्यांच्या माळा सोडी आणि खडी पसरलेल्या मैदानात गाड्या लागू लागत. आत टेबलं नव्हती. गाडी उभी करायची, हॉर्न वाजवायचा, पोऱ्या खिडकीशी येऊन ऑर्डर घ्यायचा आणि खिडकीतूनच खाणं द्यायचा. दुधात उकळलेला, वेलदोडा घातलेला करक चहा, चीज घालून गुंडाळलेला पराठा आणि खजुराच्या पाकात बुडवलेले लुगैमात. लुगैमातला काकू गोड भजी म्हणत. मार्चअखेर ऊन चढलं की सगळं उचललं जाई आणि पुन्हा नुसती खडी उरे. हॉटेलला अरबीत नाव होतं. काकूंच्या घरात त्याला तंबू म्हणत.

काकू मूळच्या नाशिकच्या. काका स्थापत्य अभियंता, अल थुमामाच्या स्टेडियमच्या साइटवर. मी दोह्यातल्या अल सद्द भागात त्यांच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर एक खोली घेऊन राहत होतो आणि एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करत होतो. त्यांचा मुलगा निखिल पुण्याला शिकायला गेल्यावर गाडीतली मागची सीट रिकामी झाली होती. ती मला मिळाली. शुक्रवारी संध्याकाळी खाली गाडीपासून काकूंची हाक यायची, "चल रे, मागे बस. दार जोरात लावू नकोस, हे ओरडतात."

तंबूपाशी काकू गाडीतून कधी उतरल्या नाहीत. इतर बायका पाय मोकळे करायला खाली उतरत, फोटो काढत. काकू म्हणायच्या, "उतरलं की हॉटेल झालं. बसून राहिलं की घर." मांडीवर जुनी चादर पसरायच्या. पर्समधून लसणाच्या चटणीची स्टीलची डबी निघायची. पराठ्याची गुंडाळी उलगडायची, आतून चटणी भुरभुरायची, परत गुंडाळायची. काका दर वेळी म्हणायचे, "अगं, त्या माणसाच्या तोंडावर त्याचं खाणं दुरुस्त करतेस." काकू म्हणायच्या, "त्यालाही दिलीय मी डबीभर. तो काही बोलला नाही. तुम्हीच बोलता."

तो म्हणजे शफीक. बांगलादेशातल्या सिल्हेटकडचा, बारीक अंगाचा, कानामागे पेन खोचलेला. खरं तर त्याला पेनची गरज नसे. तो माणसं नव्हे, गाड्या लक्षात ठेवायचा. आमची पांढरी गाडी खडीवर वळली की तिकडूनच ओरडायचा, "तीन करक, एक शक्कर कम!" काकांना दर शुक्रवारी मेनू बघायचा असे. काकू तो हातातून काढून घ्यायच्या. "अहो, काय बघताय? दर वेळी तेच मागवता." "बघायला काय जातं?" "त्याचा वेळ जातो."

त्या वर्षांत दोह्यातले रस्ते दर आठवड्याला बदलत होते. फुटबॉलचा विश्वचषक जवळ येत होता. आज होती ती एक्झिट पुढच्या शुक्रवारी नसायची, तिच्या जागी नारिंगी शंकू आणि वळणाचे बाण. काका रस्ता चुकले की स्टिअरिंगवर हात आपटून म्हणायचे, "मी यांचं स्टेडियम बांधतोय आणि मलाच चहाला जाता येत नाही." काकू न चिडता सांगायच्या, "मागच्या वेळी त्या पंपानंतर उजवीकडे वळलो होतो. यल्ला, वळा." 'यल्ला' हा त्यांचा एकुलता अरबी शब्द. भाजी लवकर शिजावी म्हणूनही त्या तो वापरायच्या.

तंबूचं एवढं काय, असं मी एकदा विचारलं होतं. करक तर आमच्या इमारतीखालीही मिळत होता. काका तेव्हा खिडकीतून शफीकला काहीतरी सांगत होते. काकू मागे न वळता हळू आवाजात म्हणाल्या, "घरी हे बोलत नाहीत रे. येतात, जेवतात, झोपतात. सुट्टीच्या दिवशीही फोनवर साइटच. इथे गाडी थांबली की बोलतात." हे खरं होतं. खडीवर इंजिन बंद झालं की काका बोलू लागत. छताच्या पोलादाबद्दल, नेपाळी फोरमनच्या मुलीच्या लग्नाबद्दल, पंचवटीतल्या एका सायकल दुकानदाराबद्दल. काकू चहा गार करून पीत, मध्ये बोलत नसत. पार्किंगमधून गाडी बाहेर निघाली की काका पुन्हा गप्प. काकूंना वर्षाला नोव्हेंबर ते मार्च एवढा नवरा मिळत असे, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

विश्वचषकाच्या आदल्या वर्षी, ऑगस्टात, काका गेले. घरीच, झोपेत, हृदयविकारानं. कंपनीच्या माणसांनी कागदपत्रं केली. काकू काकांना घेऊन नाशिकला गेल्या, दिवस झाले, आणि फ्लॅट रिकामा करायला म्हणून परत आल्या. त्यांचा राहण्याचा परवाना काकांच्या नोकरीवर होता. कंपनीनं तो नोव्हेंबरअखेरपर्यंत चालू ठेवला.

परत आलेल्या काकू रडल्या नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या बायका येत, जवळ बसत, हातावर हात ठेवत. काकू त्यांना चहा विचारत. काय हवं, नको, काही लागलं तर सांगा, या सगळ्याला त्यांचं एकच उत्तर होतं, "हो." भांडी वाटली, पलंग विकला, गाडी विकली. खोके बांधून भिंतीशी रचले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्या घरात एक गादी, एक शेगडी आणि दोन खुर्च्या उरल्या होत्या. निघायला काहीच अडचण नव्हती. काकू निघत नव्हत्या.

निखिलनं मला फोन केला. तो दोह्यात वाढलेला, त्याचं मराठी अर्ध्यावर संपायचं. "दादा, आई तिकडे एक्झॅक्टली काय करतेय? आय मीन, घर एम्प्टी आहे ना? मी टिकेट काढतो म्हटलं की म्हणते थांब."

मी वर गेलो. काकू खिडकीशी खुर्चीवर बसल्या होत्या. निखिलचा फोन आला होता, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, "खांब दिसले का?"

"नाही अजून."

"लागले की जाऊन येईन. मग निघते."

"काकू, तुम्हाला तिथं जाऊन त्रास होईल."

"मला काय व्हायचंय आता?" त्यांनी हे कोरड्या आवाजात म्हटलं, तक्रार नव्हती. मग म्हणाल्या, "शफीक वाट बघेल. गाडी आली नाही की त्याला वाटेल, आपण दुसरीकडे जायला लागलो. इतकी वर्षं त्यानं केलं आपलं. न सांगता कसं जायचं?"

त्यांना एवढंच करायचं होतं. तंबू लागायला हवा होता, आणि त्या वर्षी तो लागत नव्हता. शेतासमोरचा रस्ता खणून ठेवला होता. कामाला सुट्टी असली की मी तिकडे चक्कर मारून येई. पाइप, माती, शंकू. परत आल्यावर मी "नाही अजून" म्हणे आणि काकू "बरं" म्हणत. नोव्हेंबरचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. निखिलनं शेवटी न विचारताच महिनाअखेरच्या रविवारचं तिकीट काढलं. काकूंनी ते फोनवर पाहिलं आणि फोन पालथा ठेवला.

त्या रविवारच्या आधीच्या मंगळवारी खांब उभे राहिले. मी फोन करून सांगितलं. काकू म्हणाल्या, "चूल कधी पेटवतायत ते विचारून ये."

शुक्रवारी आम्ही निघालो. माझी भाड्याची छोटी लाल गाडी होती. काकू पुढे बसल्या. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि मांडीवर काही घेतलं नव्हतं. चादर खोक्यात गेली होती. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "वारले, हे हिंदीत नीट कसं म्हणतात रे?"

"गुजर गए."

"ऑफ हो गए म्हटलं तर?"

"कळेल त्याला. पण गुजर गए बरं."

"साब गुजर गए," काकू म्हणाल्या. मग समोर बघत, शाळेतली मुलं पाठ करतात तसं, पुन्हा. "साब गुजर गए. अगस्त में." दोन वळणांनंतर आणखी एकदा. आवाज सपाट होता. मला वाटलं, आता जमेल.

मैदान भरलेलं होतं. पहिला शुक्रवार. मी गाडी लावली, हॉर्न दिला. शफीक आला, पण माझ्या बाजूच्या खिडकीशी, आणि आमच्याकडे न बघता. "कितना चाय, सर?" लाल गाडी त्याच्या ओळखीची नव्हती.

काकू माझ्यावरून पुढे वाकल्या. "शफीकभाई."

तो खाली वाकला. क्षणभर ओळख पटली नाही, मग तोंडभर हसला. "अरे मॅडम! गाड़ी बदल दिया? मैं दो दिन से उधर सफेद गाड़ी देखता है। बोला, साब लोग किधर गया।" त्यानं मागच्या सीटवर नजर टाकली. "साब नहीं आया?"

काकूंनी तोंड उघडलं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. शफीकनं हात वर करून "आता है, आता है" म्हटलं आणि पुन्हा खिडकीत वाकला. वाट बघत.

"साब रिटायर हो गए," काकू म्हणाल्या. "नाशिक में घर बांध रहे हैं."

"माशाल्ला! अपना प्लॉट है?"

"हां. प्लॉट है."

"साब तो इंजीनियर है। पक्का घर बनाएगा। कितना मंज़िल?"

"दो," काकू म्हणाल्या. "ऊपर बेटे के लिए."

नाशिकला त्यांचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता. प्लॉट नव्हता.

"साब को मेरा सलाम बोलना," शफीक म्हणाला. "बोलना, घर हो गया तो फोटो भेजो." तो धावत गेला. चहा आला, पराठे आले, गोड भजी आली. त्यानं पैसे घेतले नाहीत. साहेबांच्या घराची मिठाई समजा, म्हणाला. काकूंनी पराठा अर्धा खाल्ला, चहा पूर्ण प्यायल्या. शेजारच्या गाडीत कोणीतरी मुलाला रागावत होतं.

परतीच्या रस्त्यावर त्या म्हणाल्या, "सांगणार होते मी."

"हो."

"त्याच्या डोक्यात चार गाड्यांची ऑर्डर होती रे. कुठे ठेवणार होता तो हे?"

रविवारी मी त्यांना विमानतळावर सोडलं. रस्त्याकडेला पुढच्या वर्षीच्या विश्वचषकाचे फलक लागले होते. काकूंनी ते पाहिले की नाही, माहीत नाही. आत जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि "वेळेवर जेवत जा" म्हणाल्या. ज्या स्टेडियमवर काका होते ते तोवर खुलं झालं होतं. ते गेले तेव्हा तिथं खुर्च्या बसवायचं काम उरलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात तंबू वेळेवर लागला. विश्वचषक तोंडावर होता. खडीवर निरनिराळ्या देशांचे झेंडे लावलेल्या गाड्या उभ्या होत्या. काही परदेशी माणसं हॉर्न कशासाठी वाजवायचा ते एकमेकांना विचारत होती. मला जायचं काही कारण नव्हतं, तरी गेलो. शफीकनं या वेळी लाल गाडी ओळखली. खिडकीत वाकून आधी तेच विचारलं, "साब का घर कितना हुआ?"

मी म्हटलं, "पहला स्लैब हो गया."

"अच्छा, अच्छा!" तो खूश झाला. "ऊपर वाला जल्दी होगा."

घरी येऊन मी नाशिकला फोन केला. काकूंनी हवा विचारली, जेवण विचारलं. मी तंबूत जाऊन आल्याचं सांगितलं, शफीकनं काय विचारलं ते सांगितलं आणि मी काय उत्तर दिलं तेही. फोनमध्ये मागे कुकरची शिट्टी झाली.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "दुसरा स्लॅब एवढ्यात टाकू नकोस. एक हिवाळा जाऊ दे."